ताकाला जाऊन

त्याचं आडनाव ताक. पूर्ण नाव ताक ग्यू-बोम.
कोरियात, गोजे बेटावरच्या जहाजगोदीत वेल्डर,
वय चौतीस,
बाजारातला अनुभव एकोणीस दिवस,
त्यातले सहा सुट्टीचे.

पहिल्या दिवशी त्याने एका बॅटरी कंपनीचे सात शेअर घेतले.
दुपारपर्यंत ते वर गेले
आणि त्याला वाटलं, आपण ढकलले म्हणून गेले.
गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याचीही
हीच समजूत असते,
पण कुत्रा निदान
संध्याकाळी बाकीच्या कुत्र्यांचे क्लास घेत नाही.

ताक घेतो.
जेवणाच्या सुट्टीत, भात सपाट करून,
स्टीलच्या चॉपस्टिकने रेषा ओढतो:
हा आधार. हा अडथळा.
हा मुळा, तो खाऊन टाक.

इथे भाव चढला की लाल दिसतो, पडला की निळा.
आणि किरकोळ गुंतवणूकदाराला इथे मुंगी म्हणतात,
पेपरातसुद्धा तसंच छापतात:
आज मुंग्यांनी खरेदी केली, आज मुंग्या पळाल्या.
ताक म्हणाला, मी काही मुंगी नाही.
खरंच होतं ते.
पंख फुटल्यावर
मुंगीला मुंगी कोण म्हणतं?

सातव्या दिवशी त्याने दंतवैद्याला सल्ला दिला,
तोंडात ड्रिल असताना, नुसत्या स्वरांत.
नवव्या दिवशी ताळेबंद वाचणाऱ्या फोरमनला हसला:
"कंपनी काय बनवते ते बघू नये, साहेब,
रेषा काय बनवते ते बघावं."
तेराव्या दिवशी
(आमच्याकडे या दिवसाचं जेवण वेगळं असतं)
लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली,
वर तेवढंच कर्ज काढलं,
आणि कँटीनभर सगळ्यांना कॉफी पाजली.

कँटीनच्या पांग बाई डाव पुसत म्हणाल्या,
"एकदा तरी विकलंस का रे?"
"विकणं भित्र्यांचं काम."
"म्हणजे मासा अजून समुद्रात आहे
आणि तू रस्सा उकळायला ठेवलायस."
तो हसला. बाईंना आलेख कुठे कळतो!
बाई आपल्या बावीस वर्षं
रोज सकाळी मासळीचा भाव करतात, एवढंच.

एकोणिसाव्या दिवशी, सोमवारी,
नऊ वाजून चार मिनिटांनी फोन निळा झाला.
इतका निळा, की धक्क्यापलीकडचा समुद्र
धुवायला टाकावासा वाटला.
ताक म्हणाला, ही निरोगी घसरण आहे.
दहा वाजता म्हणाला, मोठे खेळाडू आपल्याला घाबरवतायत.
मोठे खेळाडू,
तिकडे सोलमध्ये, तिसाव्या मजल्यावर,
सगळी कामं बाजूला ठेवून
ताक ग्यू-बोमच्या खात्यावर डोळा ठेवून बसलेले.
साडेअकराला म्हणाला, मी मुळातच दहा वर्षांच्या हिशोबाने घेतलेत.
अडीचला काहीच म्हणाला नाही.
चेहऱ्यावर वेल्डिंगचा मुखवटा ओढला
आणि जिथे फट नव्हती
तिथेही सांधत राहिला.

हे सगळं मी फार रंगवून सांगतोय, नाही?
रंगखात्यातच आहे मी.
तर एक बारीकशी गोष्ट राहिली.

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी
थिनरच्या पिंपांमागे मी त्याला गाठलं होतं.
आधी हवेचं बोललो. मग त्याच्या दाढेचं.
मग, निघता निघता,
"ते बॅटरीवालं... नाव काय रे त्या कंपनीचं?"
"का? घेतोयस?"
"छे, छे. आपलं माहीत असावं."
त्याने माझ्या हातमोज्याच्या पाठीवर लिहून दिलं,
स्पेलिंग तपासून, दोनदा.
माणूस उदार, त्याबद्दल वाद नाही.

आता पांग बाई मला वाढताना
डाव अधांतरी धरतात.
"तुझे पण?"
मी म्हणतो, छे. आणि रस्सा जास्त मागून घेतो.

माझ्या भाषेत एक म्हण आहे, बाई,
तुम्हाला सांगून कळायची नाही.
तिच्यात ह्याचं आडनाव आहे
आणि माझं भांडं.